पंचावन्न हजारांचा मुलगा

पत्र:

ताई, माझं वय २५. डोंबिवली पूर्वेला आईबाबांबरोबर राहतो. ऐरोलीला विम्याच्या दाव्यांचं काम करणाऱ्या एका कंपनीत एमआयएस एक्झिक्युटिव्ह आहे, म्हणजे महिन्याच्या आकड्यांचे अहवाल बनवतो, पॅकेज ६ लाख ६० हजार. बाबा छापखान्यातून निवृत्त झाले. पीएफबरोबरचं ईपीएसचं पेन्शन दोन हजारांच्या घरात येतं, फंडाचे पैसे एफडीत आहेत. आई घर बघते, सोसायटीतल्या बायकांची भिशी चालवते. घरात मी २२ हजार देतो.

मला दरमहा दहा हजारांची एसआयपी सुरू करायची आहे. तसं केलं तर चाळिशीत एक कोटी होतात असं एका रीलमध्ये पाहिलं. कुठले फंड घेऊ? बाबांच्या मित्राने एक पॉलिसी करून दिलीय, वर्षाला ३० हजार, वीस वर्षं, विमा सहा लाखांचा. टॅक्स वाचेल म्हणाले. तिचे कागद या ४ तारखेला आले. (क्रेडिट कार्डावर ९२ हजार बाकी आहे, त्यातले १८ हजार शेअरबाजारात ऑप्शनच्या सौद्यांत गेले. पण मिनिमम दर महिन्याला वेळेवर भरतो, एकदाही चुकवलेलं नाही. घरी माहीत नाही.) बाबांना बदलापूरला फ्लॅट बुक करायचाय. ५५ हजार पगार आहे, २० हजारांचा हप्ता सहज बसेल म्हणतात.

आणि परळच्या एका स्टार्टअपची ९ लाखांची ऑफर आलीय. आत्ताच्या ऑफिसात शीट मी बनवतो आणि मीटिंगमध्ये दाखवतो दुसराच. माझं इंग्रजी अडखळतं. जाऊ का?

— एक डोंबिवलीकर

उत्तर:

बाळा, तुला तूच म्हणते. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि तोही असलीच पत्रं लिहितो, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर.

आधी घाईचं. ती पॉलिसी. आयुर्विम्याचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी १५ दिवस मिळायचे, २०२४ पासून ३० मिळतात. मधल्या दिवसांच्या विम्याचे, स्टँप ड्युटीचे आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून कंपनी बाकीची रक्कम परत देते. तुझ्या ३० हजारांतले बहुतेक सुटतील. मुदत उलटल्यावर मात्र तुझं कोणी ऐकून घेणार नाही. म्हणून मी तुला मेलवर दोन ओळी आधीच टाकल्यात. त्या पाहिल्या नसशील तर हे वाचायचं थांबव आणि कंपनीच्या शाखेत जा. काकांकडे नको, शाखेत. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घे.

का परत करायची, तेही ऐक. तुझ्या पगारावर तुला मुळात प्राप्तिकरच लागत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर येतो, नोकरदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते ती निराळीच. आणि विम्याच्या हप्त्याची ८०सीची वजावट या प्रणालीत नाहीच. लागूच नसलेला कर वाचवायला तू वीस वर्षं ३० हजार भरणार होतास. त्यात विमा सहा लाखांचा. उद्या तुझं काही बरंवाईट झालं (अभद्र बोलू नये, पण मी तीस वर्षं कर्जविभागात काढलीत, मला सवय आहे) तर सहा लाख आईबाबांना किती वर्षं पुरणार? काका रागावतील. पहिल्या वर्षाचं कमिशन जाणार म्हटल्यावर कोणीही रागावेल. गणपतीच्या मीटिंगपर्यंत निवळतील.

आता तुझा प्रश्न. पत्र मी तीनदा वाचलं. फंडाचा प्रश्न छान उघड मांडलायस आणि ९२ हजार कंसात घातलेस. आमच्या पतसंस्थेत कर्जाचा अर्ज आला की मी कंसातलं आधी वाचायची.

तुझ्या आईला जाऊन विचार, शेकडा साडेतीनने पैसे घेतले तर कसं? भिशी चालवणारी बाई आहे, ती आधी तुझ्या कपाळाला हात लावून ताप बघेल. महिन्याला शंभरावर साडेतीन रुपये हा सावकाराचा दर झाला. तुझ्या कार्डाचा दर साधारण तोच असतो. बँक तो इतक्या बारीक अक्षरात छापते की नवीन पिढीला तो आकडा कळतच नाही, आणि शेकड्याची भाषा तर तुमच्या तोंडातून गेलीच. ९२ हजारांवर महिन्याचं व्याज झालं ३,२२०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५८०. तू मिनिमम भरतोस समज ४,६००. त्यातले ३,८०० व्याजात आणि करात गेले, मुद्दलातून फिटले ८००. आणि त्याच महिन्यात तू कार्डावर हजाराचं काहीतरी खाल्लंस की संपलं.

आणखी एक. आधीचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. कार्ड घासल्या दिवसापासून मीटर चालू. 'एकदाही चुकवलेलं नाही' असं तू अभिमानाने लिहिलंयस. बँकेला तुझ्यासारखाच ग्राहक हवा असतो. बुडवणारा नको आणि फेडणाराही नको.

पण मला खरं कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. तू उधळ्या वाटत नाहीस. फोनचा हप्ता, ते ऑप्शनचे १८ हजार, थोडं इकडेतिकडे, ठीक आहे. तरी ९२ हजार झाले कसे? मग मी कागद-पेन्सिल घेतली.

बाबा म्हणतात, पगार पंचावन्न हजार. सहा लाख साठ हजार भागिले बारा. भागाकार बरोबर आहे, आकडा खोटा आहे. तुझ्या मेलमध्ये पगाराची फोड होती ती लावते. तुझा बेसिक २७,५००. त्यातून १२ टक्के तुझा पीएफ कापला जातो, ३,३००. कंपनीही तेवढेच भरते, पण ते तिने तुझ्याच पॅकेजात मोजलेत, आणखी ३,३००. ग्रॅच्युइटी म्हणून महिन्याला १,३२३ दाखवलेत. ते पैसे सध्या फक्त कागदावर आहेत, कारण ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकलास तर. ६० हजार व्हेरिएबल, म्हणजे महिन्याला ५,००० धर, जे वर्षातून एकदा येतात आणि पूर्ण येतीलच असं नाही. ग्रुप मेडिक्लेमचे ६००. व्यवसाय कराचे २००, फेब्रुवारीत ३००. सगळं वजा कर. हातात ४१ हजार २७७.

पंचावन्न आणि एक्केचाळीस यांच्यात पावणेचौदा हजारांचं भगदाड आहे. घरात २२ हजार द्यायचं ठरलं ते पंचावन्नवर ठरलं. मावसबहिणीच्या लग्नात किती आहेर करायचा, तेही पंचावन्नवर. बदलापूरचा हप्ता पंचावन्नवर. पॉलिसीवाले काका पंचावन्नवर. तू दर महिन्याला एक्केचाळीस आणतोस, पंचावन्नचा मुलगा म्हणून वागतोस आणि मधलं भगदाड कार्डाने बुजवतोस. कार्डाचा खर्च कशावर झाला याची यादी काढत बसू नकोस, त्यात फार काही सापडणार नाही.

बाबांनी हा आकडा सगळ्या मजल्याला सांगितला असणार. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाने का सांगू नये? त्यांना पॅकेज म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांच्या वेळी पगार म्हणजे पाकिटात मिळायचा तो. चूक तुझी एवढीच की पहिल्या महिन्याला स्लिप दाखवायची होती, ती तू दाखवली नाहीस.

इथे मला एक जोडपं आठवतं. परळला आमची पतसंस्था होती, एका चाळीच्या तळमजल्यावर, दोन खोल्या आणि एक लोखंडी कपाट. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा गिरणीत होता. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, नंतर कुठेतरी वॉचमन म्हणून लागला. त्याने आमच्याकडून कर्ज घेतलेलं आणि दर महिन्याला फक्त व्याज भरायचा. काउंटरवर सुटी नाणी मोजून ठेवायचा आणि दरवेळी तेच सांगायचा, 'बाई, नोटीस काढली तर घरी पाठवू नका, ड्युटीच्या पत्त्यावर पाठवा.' मी पत्ता बदलून दिला.

वर्षभराने त्याची बायको आली. तीही सभासद होती, पापड लाटून थोडे शेअर घेतले होते तिने. तिला पाच हजार हवे होते. कशाला, तर मुलाच्या क्लासची फी भरायला तिने शेजारणीकडून घेतले होते, ते फेडायला. आणि जाता जाता म्हणाली, 'बाई, ह्यांना कळू देऊ नका.' दोघांची खाती एकाच कपाटात, एकाच खणात. दोघांच्या मध्ये मी.

सांगायचं तर नियमात बसत नव्हतं. शेवटी मी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं, सही राहिलीय म्हणून. दोघं दारात समोरासमोर आली. मॅनेजरसाहेबांनी नंतर मला अर्धा तास झापलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. त्या दिवशी दारात काय झालं ते मी लिहिणार नाही. पुढच्या महिन्यापासून ती बाई एकटी यायची आणि दोन्ही पासबुकं एकत्र, रबर लावून आणायची. मुद्दल दीड वर्षात फिटलं. पगार तोच होता, पापडही तेवढेच होते.

तुला मी दारात उभं करू शकत नाही. तुझं तुलाच करायचंय. रविवारी सकाळी, चहाच्या वेळी. शनिवारी रात्री नको, बाबांची रात्रभर झोप उडेल. सोबत पगाराची स्लिप आणि कार्डाचं स्टेटमेंट, दोन्ही कागदावर छापून ने. मोबाइलच्या स्क्रीनवर दाखवू नकोस. छापखान्यातला माणूस आहे, त्याला कागद लागतो. सुरुवात कर्जापासून करू नकोस, स्लिपपासून कर. 'बाबा, पगार पंचावन्न नाही, एक्केचाळीस आहे, हे बघा कसं' म्हणून एकेक ओळ बोटाने दाखव. ते गप्प झाले की मग ९२. ऑप्शनचे १८ हजारही सांग, नाहीतर ते नंतर कधीतरी बाहेर पडतील आणि आजचं सगळं वाया जाईल.

बाबा चिडतील की रडतील की उठून बाल्कनीत जाऊन उभे राहतील, मला माहीत नाही. आई बहुतेक पहिला प्रश्न विचारेल, 'म्हणजे महिन्याला व्याज किती?' तेव्हा शेकड्यात सांग.

आता पैसे कुठून आणायचे. बाबांची एफडी मोडायची गरज नाही. एफडी तारण ठेवून बँक कर्ज देते, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने. तुझ्या कार्डाचा दर वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातो, हे लक्षात ठेवून तुलना कर. दुसरं, आईची भिशी. वीस बायका, दोन-दोन हजार, चाळीस हजारांची भिशी, असं तू मेलमध्ये सांगितलंस. आईचा नंबर अजून लागलेला नाही. ज्या बाईला यंदा घाई नसेल तिच्याशी नंबर बदलून मिळतो, बायका एकमेकींसाठी हे करतात. (भिशीला कायद्याचं फारसं पाठबळ नाही. ओळखीच्या वीस बायकांत चालते ती ठीक. कुणा अनोळखी माणसाची मोबाइलवरची 'लकी भिशी' दिसली तर लांबूनच नमस्कार.)

चाळीस भिशीतून, बावन्न एफडीवर. कार्डाचे ९२ हजार एका झटक्यात शून्य. मग तू भिशीचे दोन हजार आईला द्यायचे, तिची वर्गणी संपेपर्यंत, आणि एफडीवरच्या कर्जाचे साधारण ५,४०० महिन्याला. दहा महिन्यांत बँकेचं मिटेल. घरातून शक्यच झालं नाही, तर कार्डाच्याच बँकेला फोन करून बाकी ईएमआयमध्ये फिरवून माग, किंवा पगाराच्या खात्याच्या बँकेकडून पर्सनल लोन घे. पंधरा टक्के दर धरला तरी ९२ हजारांचा बारा महिन्यांचा हप्ता ८,३०० च्या आसपास बसतो आणि वर्षाचं एकूण व्याज साडेसात हजारांच्या थोडं वर. आत्ता तू वर्षाला ४५ हजार नुसत्या व्याजात आणि त्यावरच्या करात घालवतोयस. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला मात्र जाऊ नकोस.

कार्ड बंद करायची घाई नको. जुनं खातं सिबिलच्या स्कोअरला, म्हणजे कर्ज देताना बँक बघते त्या पतीच्या आकड्याला, मदत करतं. फक्त ते आईच्या रव्याच्या डब्यात ठेव आणि सगळ्या अ‍ॅपमधून त्याचा नंबर काढून टाक. वर्षभराने विचार कर.

घरात किती द्यायचे, हे आईबरोबर वहीत लिहून नव्याने ठरव. माझा अंदाज, सोळा हजारांवर यावं लागेल. घर खरोखर कितीत चालतं हे तुला माहीत नाही आणि आईला कोणी विचारलेलं नाही. ती वही कदाचित तिच्याकडे आधीपासून असेलही.

ऑप्शनचं दोन वाक्यांत. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात निघाले. लोकलच्या ग्रुपवर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारा मित्र तोट्याचे टाकत नाही.

एसआयपी. रीलमधलं गणित कच्चं आहे. दहा हजार दरमहा, पंधरा वर्षं, वर्षाला बारा टक्के धरले (आणि बारा टक्के कोणी लिहून देत नाही) तर साधारण पन्नास लाख होतात. कोटीच्या बरोबर अर्धे. आणि चाळीस टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून बारा टक्क्यांच्या आशेने गुंतवणूक करायची, हे तुझ्या आईला सांगून बघ. कर्ज मिटेपर्यंत एसआयपी नाही. त्यानंतर आधी पन्नास हजार बाजूला टाक, साध्या आरडीत, तीन-तीन हजार करून. नोकरी गेली, बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं, तर पुन्हा कार्ड निघायला नको. मग एखादा स्वस्त निफ्टी इंडेक्स फंड घे आणि विसरून जा. मला फंडांतलं यापेक्षा जास्त कळत नाही आणि तुझ्या पगाराला यापेक्षा जास्त लागतही नाही.

शिवाय तुझी गुंतवणूक आधीच चालू आहे, तुला कोणी सांगितलं नाही इतकंच. तुझे ३,३०० आणि कंपनीचे ३,३०० महिन्याला तुझ्या पीएफमध्ये पडतात. तू पेन्शन योजनेत असलास तर कंपनीच्या वाट्यातले १,२५० तिकडे जातात. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघ. वारस म्हणून आईबाबांची नावं लागलीत का तेही बघ, तुझ्या वयाच्या दहातल्या आठ जणांचं ते राहिलेलं असतं असा माझा अनुभव आहे. नोकरी बदललीस तर हे पैसे काढू नकोस, नव्या खात्यात वळव. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कराचा प्रश्न येतो.

विमा हवाच, कारण दोन माणसं तुझ्यावर आहेत. पण तो टर्म घे, निव्वळ विम्याचा. सिगारेट ओढत नसलास तर तुझ्या वयाला एक कोटीचा विमा वर्षाला दहा हजारांच्या आसपास बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय. आणि कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईबाबा आहेत का, उद्याच एचआरला विचार. नसतील तर जादा हप्ता भरून त्यांना घालता येतं का तेही.

फ्लॅटचं थोडक्यात. बँक हातातला पगार बघते, पॅकेज बघत नाही, आणि एक लाख मर्यादेच्या कार्डावर ९२ हजार बाकी असलेला माणूस बघितला की भुवया उंचावते. २० हजारांच्या हप्त्यात, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांचं कर्ज साधारण २३ लाख मिळतं. पण किमतीचे निदान दहा टक्के आणि वर मुद्रांक शुल्क, नोंदणी हे खिशातून. तो खिसा सध्या नाही. दोन वर्षं थांबायचं. तोवर बाबांना हौस असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पांचे नंबर तपासत बसू दे, निवृत्त माणसाला चांगलं काम आहे.

आता नोकरी. नऊ लाखांची ऑफर तू मला मेलवर पाठवलीस. त्यात २ लाख ४० हजार व्हेरिएबल आहे. नऊतून ते वजा केले की उरतात सहा लाख साठ हजार. ओळखीचा आकडा वाटतोय ना? पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं जाऊन हातात ४६-४७ हजार येतील. म्हणजे आत्तापेक्षा साडेपाच हजार जास्त, आणि बाबा मात्र पंच्याहत्तर हजारांच्या मुलाचे बाबा होतील. मग बदलापूरच्या ऐवजी ठाण्यात फ्लॅट बघायला लागतील.

साडेपाच हजार कमी नाहीत. पण तिथे आठवड्याला सहा दिवस आहेत. डोंबिवलीहून सकाळी दादरची फास्ट, तिथून परळची स्लो. आत्ता तू ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बरने ऐरोलीला जातोस, निदान त्या दुसऱ्या गाडीत श्वास घेता येतो. जायचंच तर आधी त्यांना हे विचार: गेल्या वर्षी या पदाच्या माणसांना व्हेरिएबलचे किती टक्के मिळाले, आणि कधी मिळाले? उत्तर 'कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून' असं आलं तर ते शून्य धर. ईसॉप, म्हणजे कंपनी देऊ करते ते तिचे शेअर, तेही सध्या शून्य धर. आणि आत्ताच्या कंपनीचं यंदाचं व्हेरिएबल एप्रिलमध्ये हातात पडणार असेल, तर त्याआधी राजीनामा टाकू नकोस. रक्कम द्यायच्या दिवशी जो पटावर नसतो त्याला बऱ्याच कंपन्या देत नाहीत. तुझ्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते वाच.

तू पत्राच्या शेवटी लिहिलेली एक ओळ मात्र मला या सगळ्या ऑफरपेक्षा मोठी वाटते. शीट मी बनवतो, दाखवतो दुसराच. परळच्या ऑफिसातही दुसरा कोणीतरी असेलच. तो तिथेही दाखवेल.

तुझ्याशिवाय महिन्याचा एमआयएस निघत नाही, म्हणजे कुठला दावा कुठे अडकला, कुठल्या शाखेचे आकडे दर महिन्याला उशिरा येतात, हे तुला कोणापेक्षाही जास्त माहीत आहे. हे ज्ञान विकत मिळत नाही. पण ते तुझ्या तोंडातून कोणी ऐकलेलं नाही, त्यामुळे साहेबांच्या दृष्टीने ते त्या दाखवणाऱ्याचं आहे. येत्या महिन्याच्या मीटिंगच्या चार दिवस आधी मॅनेजरला विचार: 'या वेळी पहिली दहा मिनिटं मी मांडू का?' एवढंच. 'श्रेय मला मिळत नाही' वगैरे बोलायचं नाही. हो म्हणाला तर तीन वाक्यं इंग्रजीत लिहून काढ. कोणता आकडा बदलला, का बदलला, पुढच्या महिन्यात काय करावं लागेल. तीनच. ती घरी आईसमोर मोठ्याने पाच वेळा म्हण. तिला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच, तू कुठे अडखळतोस ते तिला लगेच कळेल, शब्दांकडे तिचं लक्षच नसेल. मीटिंगमध्ये कोणी प्रश्न विचारला आणि इंग्रजी सुचलं नाही, तर मराठी-हिंदीत उत्तर दे. ऐरोलीच्या ऑफिसात अर्धी खोली तेच बोलत असते. मॅनेजर नाही म्हणाला तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचार. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर मग परळचं बघू, आणि तेव्हा तू त्या मुलाखतीत 'मी काय करतो' ते तीन वाक्यांत सांगू शकशील.

दरम्यान एसक्यूएल शीक. एक्सेलमध्ये व्ही-लुकअप लावत बसणारे खूप आहेत. विम्याच्या दाव्यांचं काम आतून माहीत असलेला आणि डेटाबेसमधून स्वतः माहिती काढू शकणारा माणूस मला वाटतं इतका सहज मिळत नाही. महागडा कोर्स लावू नकोस, निदान कार्डावर तरी नको.

पॉलिसीचा अर्ज दिलास की पोच मिळाली एवढं मला कळव. आणि रविवारी आईला विचार, पुढच्या महिन्याची भिशीची चिठ्ठी कुणाच्या नावाची आहे.